वाईट बातमीचा नंबर

आमच्या कंपनीत नवा माणूस लागला की त्याला पहिल्या दिवशी तीन ठिकाणी जावं लागायचं. टाइम ऑफिसात फोटो काढायला, माझ्या स्टोअरमध्ये बूट आणि हेल्मेट घ्यायला, आणि शेवटी गेटशेजारच्या काचेच्या केबिनमध्ये सुनंदाबाईंकडे. मी बुटाचा नंबर विचारायचो. बाई दोन फोन नंबर विचारायच्या.

"रोजच्या निरोपाला कोणाचा लावू? ओव्हरटाइमला थांबलास, गाडी चुकली, असलं?"

तो नंबर सगळे पटकन सांगायचे. मग बाई पेन तसंच धरून विचारायच्या, "आणि वाईट बातमी कोणाला सांगू?"

इथे भलेभले गडबडायचे. कोणी हसायचा, कोणी म्हणायचा, "बाई, पहिल्याच दिवशी कसलं अभद्र बोलता?" बाई ढिम्म. उत्तर मिळेपर्यंत त्या गेटपास देत नसत. मग माणूस खरोखर विचार करायचा. आईला बीपी आहे, तिला नको. बायको पोटुशी आहे, तिला नको. शेवटी कोणाचा मेव्हणा निघायचा, कोणाचा शेजारी, कोणाच्या बिल्डिंगखालचा दुकानदार. बाई ते तपकिरी पुठ्ठ्याच्या वहीत लिहून घ्यायच्या आणि पुढे एखादी खूण करायच्या. "हा हळवा आहे, आधी पाणी प्यायला सांगणे." "हा गोंधळतो, हॉस्पिटलचं नाव दोनदा सांगणे." अशी साडेतीनशे माणसांची वही होती.

कंपनी अंबरनाथ एमआयडीसीत, रंगाचा कच्चा माल बनवणारी. नाव मी लिहीत नाही. मी आता रिटायर आहे, पण त्यांचे वकील अजून ड्युटीवर आहेत.

सुनंदा घाग मूळच्या खेडकडच्या. लग्न होऊन अंबरनाथ पश्चिमेला आल्या आणि सहा वर्षांत विधवा झाल्या. नवरा दुसऱ्याच एका कारखान्यात होता. तो गेला तेव्हा तिथला वॉचमन सायकलवरून आला आणि वर यायचा कंटाळा म्हणून रस्त्यावरूनच ओरडला, "घागचं घर कोणतं? तो खलास झाला!" अख्ख्या चाळीला एकदम कळलं, आणि बाई मोरीत कपडे धूत होत्या म्हणून त्यांना सगळ्यांत शेवटी. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही चहाचा कप विसळता विसळता. नंतर आमच्याकडे टेलिफोनच्या बोर्डावर लागल्या तेव्हा ती वही कोणी साहेबाने काढायला सांगितली नव्हती. त्यांनीच काढली.

आणि वहीमुळे आमच्या कंपनीला एक वळण लागलं होतं, हे मी ठासून सांगतो. कोणाला काही लागलं की अँब्युलन्स गेटबाहेर पडायच्या आत पहिला फोन घरी. मॅनेजरला दुसरा. बाई आवाज न चढवता सांगायच्या, काय झालंय, किती झालंय, कुठल्या हॉस्पिटलात नेतायत. खोटा धीर नाही, रडारड नाही. एकदा एकाचा हात मशीनमध्ये गेला, तर माणूस हॉस्पिटलात पोचायच्या आधी त्याचा साडू तिथे स्ट्रेचर घेऊन उभा. आत प्लांटमध्येही तसंच होतं. काही वास आला, कुठला व्हॉल्व्ह गळायला लागला, की माणूस सरळ कोणालाही हाक मारून सांगायचा. सांगितलं म्हणून कोणी कोणाला खाल्लं नाही.

हितेश भोईर लागला तेव्हा सव्वीसचा होता. बदलापूरच्या शिरगावातला आगरी पोरगा. घरची जमीन बिल्डरच्या टॉवरखाली गेलेली, गळ्यात मात्र जाडजूड चेन, आणि बुटाचा नंबर दहा, जो माझ्याकडे कधीच नसायचा. बाईंच्या प्रश्नावर म्हणाला, "थांबा ना बाई, मे महिन्यात लगीन हाय. मंग सांगतो." लग्न झाल्यावर खरोखरच पेढे घेऊन बोर्डापाशी आला आणि दोन्हीकडे एकच नंबर सांगितला. बायकोचा.

"अरे, वाईट बातमी थेट बायकोला?" बाई म्हणाल्या. मी तिथेच पेढा खात उभा होतो.

"तिलाच, बाई. नेत्रा नाव तिचं. दुसऱ्या कोनाला सांगितलं नि तिला मागून कललं ना, तर जल्मात माफ करनार नाय ती. तुमच्याच तोंडून सांगा. तुम्ही सांगितलं तर ती धीरानं घेईल."

"बरं," बाई म्हणाल्या. "शब्द दिला."

त्यानंतर रोजच्या निरोपांवरून त्या दोघींची चांगली गट्टी जमली. हितेश थांबला की बाई फोन करायच्या आणि दोन मिनिटांचं काम दहा मिनिटं चालायचं. नेत्राची सुकट कशी जमते इथपासून सासूबाईंच्या गुडघ्यापर्यंत सगळं. प्रत्यक्षात दोघींनी एकमेकींना कधी पाहिलं नव्हतं. नेत्राला बाईंचा आवाज तेवढा माहीत होता.

पुढे दुसऱ्या लाइनच्या रिअ‍ॅक्टरला आग लागली. करोनाच्या आदल्या वर्षी. चौघं भाजले आणि तिथला ऑपरेटर बाळाजी जागच्या जागी गेला. धूर पार फॉरेस्ट नाक्यापर्यंत दिसत होता, मोबाइलवर 'चाळीस मेले' असं फिरायला लागलं, गेटवर हजार माणूस. बाईंच्या बोर्डावर एकही लाइन मोकळी नव्हती. बाळाजीची आई बनूबाई उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये राहायची, आणि त्याचा वाईट बातमीचा नंबर होता बिल्डिंगखालच्या मधूशेठ किराणावाल्याचा. बाईंनी नियमाप्रमाणे आधी त्याला लावला. सिंधी माणूस, पण बनूबाईला बहीण मानायचा. तो म्हणाला, "मैं खुद ऊपर जाता हूँ, आप चिंता मत करो." आणि शटर ओढायला लागला.

तेवढ्यात दुसरा फोन. "मी बाळाजीचा भाऊ बोलतोय, गावाहून. काय झालं हो त्याचं?" आवाज रडवेला. बाई फसल्या. त्यांनी नाव, वय, विभाग सगळं सांगितलं. तो कुठल्याशा चॅनेलचा माणूस होता. मधूशेठचं शटर खाली येऊन तो जिने चढेपर्यंत टीव्हीवर खालच्या पट्टीत बाळाजीचं नाव धावायला लागलं होतं, आणि बनूबाई सिरियलची वाट बघत टीव्हीसमोर बसली होती. ती तिथेच कोसळली. वाचली, पण वाचा गेली ती गेलीच.

बाई दोन दिवस जेवल्या नाहीत. मी समजावलं, तुमची चूक नाही, समोरचा हरामखोर होता. त्या म्हणाल्या, "चंदूभाऊ, माझा नवरा रस्त्यावरून ओरडून सांगितला. मी बनूबाईचा मुलगा टीव्हीवरून ओरडून सांगितला. काय फरक?"

त्यामुळे मुंबईहून सोनिया मॅडम आल्या तेव्हा सगळ्यांत जास्त मन लावून कोणी ऐकलं असेल तर ते बाईंनी. मॅडम 'संकटकाळातील संवाद' या विषयातल्या तज्ज्ञ. कँटीनमध्ये पडदा लावला, आम्हाला गोल बसवलं, हातात चेंडू दिला आणि ज्याच्या हातात चेंडू त्यानेच बोलायचं असा खेळ घेतला. पन्नाशीची माणसं आम्ही, चेंडू झेलत होतो. तात्पर्य असं, की इथून पुढे कंपनीचा 'एकच आवाज'. बाकी कोणी बोलायचं नाही. एचआरचे अमित सर प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते.

मग कार्ड आलं. प्लॅस्टिकमध्ये घातलेलं, तीन वाक्यांचं. "सध्या परिस्थिती पूर्णपणे नियंत्रणात आहे. कर्मचाऱ्यांची सुरक्षितता हे आमचे सर्वोच्च प्राधान्य आहे. अधिकृत माहिती योग्य वेळी कळवण्यात येईल." गेटवर एक, बोर्डावर एक, प्रत्येक विभागात एक. मोबाइल गेटवर जमा. बाईंची वही अमित सरांनी कपाटात घातली, 'खासगी माहिती अशी उघड्यावर नको' म्हणून. तिच्या जागी कॉम्प्युटर आला, आणि कॉम्प्युटरात माणशी एकच नंबर मावत होता. हितेशच्या नावापुढे त्याच्या वडिलांचा नंबर पडला, वडील वारल्याला तेव्हा वर्ष झालं होतं.

कंपनी हळूहळू गप्प झाली. म्हणजे एका दिवसात नाही. आधी कँटीनमधल्या गप्पा आटल्या. मग व्हॉल्व्ह गळतोय हे सांगायलाही फॉर्म आला, फॉर्मवर सही आली, सहीसाठी वाट बघणं आलं. मग लोकांनी फॉर्म भरणंच सोडलं. दिसलं तरी पुढे जायचं. मीही जायचो. साहेब लोक मात्र खूश, कारण तीन वर्षांत पेपरात एक ओळ आली नाही.

मग तो मंगळवार. सांडपाण्याच्या टाकीचा पंप अडला होता. आदल्या शिफ्टच्या माणसाला तिथे सडक्या अंड्यासारखा वास आला होता, हे त्याने नंतर माझ्याजवळ रडत कबूल केलं. त्याने फॉर्म भरला नव्हता, कोणाला हाकही मारली नव्हती. हितेश सकाळी अकराला टाकीत उतरला आणि उतरल्या उतरल्या कोसळला. वर काढल्यावर थोड्या वेळाने शुद्धीवर आला. अँब्युलन्सचा ड्रायव्हर संतोष त्याला उल्हासनगरच्या एका खासगी हॉस्पिटलात घेऊन गेला. जाताना हितेशने खोकत खोकत दोनदा विचारलं, "नेत्राला कलवलं का?" संतोष म्हणाला, "बाईंनी केला असेल रे फोन. पहिला फोन घरीच असतो."

बाईंनी फोन केला नव्हता. अमित सर त्यांच्या खुर्चीमागे उभे होते. मुंबईला सोनिया मॅडमकडे मजकूर मंजुरीला गेला होता, आणि मजकूर येईपर्यंत आतला एक शब्द बाहेर जाणार नव्हता. हॉस्पिटलचं नाव तर नाहीच, तिथे चॅनेलवाले पोचतील म्हणून. मी हेल्मेटचा हिशेब द्यायला केबिनमध्ये गेलो होतो, तो तसाच दारात थांबलो. बाईंचा हात दोनदा फोनकडे गेला आणि परत आला.

पावणेबाराला फोन वाजला तो नेत्राचाच. शेजारच्या कंपनीतल्या कोणीतरी शिरगावात कळवलं होतं की आमच्या गेटातून अँब्युलन्स गेली. बाईंनी कार्ड उचललं. आणि वाचलं. आवाज त्यांचा राहिलाच नव्हता, शाळेतली मुलगी धडा वाचते तसा झाला होता. तीन वाक्यं संपली. स्पीकर चालू होता, सगळी लाइन रेकॉर्ड होते ना आता, त्यामुळे मलाही ऐकू आलं.

"ओ मॅडम, ते राहू द्या. सुनंदाबाई हायेत का? त्यांना द्या ना जरा फोन."

बाईंनी अमित सरांकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. त्याच धड्याच्या आवाजात त्या म्हणाल्या, "त्या आज आल्या नाहीत."

हे वाक्य कार्डावर नव्हतं. कोणी त्यांना सांगितलंही नव्हतं. मी बाईंना तीस वर्षं ओळखतो. सुनंदाबाई म्हणून त्या कार्ड वाचूच शकल्या नसत्या, एवढंच मला त्याचं कारण देता येतं.

बाई नाहीत म्हटल्यावर नेत्राला फोनचा काही उपयोग उरला नाही. एक वाजायच्या सुमाराला ती रिक्षाने गेटवर आली. हिरव्या ड्रेसमध्ये, पायात घरातल्या चपला. सिक्युरिटीवाल्याने कार्ड वाचून दाखवलं. ती बाजूच्या कट्ट्यावर बसली. केबिनच्या काचेपासून वीस पावलांवर. हॉस्पिटल तिथून रिक्षाने फार तर अर्ध्या तासावर होतं, आणि हितेश तेव्हा शुद्धीत होता. संतोष परतला होता, त्यामुळे हे मला माहीत होतं. बाईंना माहीत होतं. गेटवरच्या सिक्युरिटीलाही माहीत होतं.

मी का नाही सांगितलं, हे तुम्ही विचारालच. जेवायच्या सुटीत मी गेटपर्यंत गेलो होतो. तिच्या समोरून गेलो, पान खाऊन परत आलो. माझी नोकरीची चार वर्षं उरली होती, मुलगा तिथेच अप्रेंटिस लागला होता, अमित सर खिडकीत होते. मी भ्यालो. याला दुसरा चांगला शब्द शोधला, पण मिळाला नाही.

दोनच्या सुमाराला बाई केबिनमधून बाहेर आल्या. हातात पाण्याचा ग्लास. मला वाटलं, आता सांगतात. त्या नेत्रासमोर उभ्या राहिल्या, ग्लास पुढे केला. नेत्राने विचारलं, "तुम्ही हिथंच असता का? काय झालंय हो आत?" बाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. एक शब्द बोलल्या असत्या तर नेत्राने आवाज ओळखला असता, आणि मग सकाळी फोनवर 'आज आल्या नाहीत' म्हणणारी बाई कोण, हे सांगावं लागलं असतं. नेत्रा पाणी प्यायली. बाई रिकामा ग्लास घेऊन परत आल्या आणि दार लावून घेतलं.

हितेशच्या छातीत दुपारी पाणी भरत गेलं. तीन चाळीसला तो गेला. मजकूर मंजूर होऊन आला साडेचारला. पाचला अमित सरांनी नेत्राला मीटिंग हॉलमध्ये बोलावलं, एसी लावला, आणि वाचून दाखवलं.

त्या महिन्यात कंपनीने बाईंना प्रशस्तिपत्र दिलं. 'आणीबाणीत संवादाची उत्कृष्ट शिस्त.' फोटो काढताना अमित सर म्हणाले, हसा. बाई हसल्याही. घरी नेऊन ते त्यांनी पलंगाखाली सारलं, असं मला त्यांच्या शेजारणीने सांगितलं. बाई बोलत मात्र कमीच झाल्या. रोजच्या निरोपाचे फोनसुद्धा कार्डाच्या आवाजात करायच्या.

पाच महिन्यांनी बाईंच्या रिटायरमेंटची तारीख जवळ आली. त्यांच्या जागी कोणाला घ्यायचं यावर वर बराच खल झाला आणि मग सोनिया मॅडमनीच सुचवलं म्हणे, मयत कामगाराच्या पत्नीला नोकरी दिली तर कंपनीची प्रतिमा चांगली होईल. त्याचा फोटोही पेपरात द्यायचा होता. नेत्राला नोकरी हवीच होती. घरात सासू, पदरात दोन वर्षांची मुलगी.

बाईंनी अमित सरांना सांगून पाहिलं, शिकवायला दुसरं कोणी द्या, माझा घसा बसलाय. सर म्हणाले, "दुसरं कोण आहे? आठवडाभराचं तर काम आहे."

सोमवारी सकाळी नेत्रा आली. मीच तिला बूट दिले, चार नंबर. आणि मीच तिला केबिनपर्यंत सोडलं. खरं तर मी दारातून निघून जायला हवं होतं, पण पाय निघेनात. बाई बोर्डासमोर पाठमोऱ्या बसल्या होत्या. नेत्राने आत डोकावून पाहिलं, ओळखीचं हसली. "तुम्हीच ना? त्या दिवशी पानी दिलेलं. मला वाटलं, तुम्हाला बोलता येत नाय."

बाई उठल्या. खुर्ची रिकामी केली. आता बोलल्याशिवाय सुटका नव्हती. फोन शिकवायचा तर मुक्याने कसा शिकवणार?

"ये नेत्रा," त्या म्हणाल्या. "बस."

तीनच शब्द. नेत्राचं हसू तोंडावर तसंच राहिलं, पण डोळ्यांतलं गेलं. तिने एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा बोर्डावरच्या कार्डाकडे.

"सुनंदाबाई?"

"हो."

"म्हंजे त्या दिवशी तुम्ही होतात हिथं."

"होते. फोनवर पण मीच होते."

मला वाटलं आता ती किंचाळेल, मारेल, निघून जाईल. यातलं काहीही झालं असतं तर मला बरं वाटलं असतं. ती तिथेच उभी राहिली. मग बाईंनी ते केलं जे त्यांनी त्या मंगळवारी अकरा वाजता करायला हवं होतं. आवाज न चढवता, त्यांच्या जुन्या आवाजात, एकेक करून सगळं सांगितलं. किती वाजता उतरला. किती वाजता वर काढला. कुठलं हॉस्पिटल, कितवा मजला. शुद्धीत होता. संतोषला दोनदा विचारलं, नेत्राला कळवलं का. तीन चाळीस. हॉस्पिटलचं नाव त्यांनी दोनदा सांगितलं, सवयीने.

नेत्राने सगळं ऐकून घेतलं. हितेश म्हणाला होता तसंच, धीराने. मध्ये एकदा तिने काचेतून बाहेरच्या कट्ट्याकडे पाहिलं.

"तो सांगायचा," ती म्हणाली, "काय पन झालं तर बाईंचा फोन येईल. नाय आला तर समज, मी ठीक हाय. तुम्ही रजेवर हाय कललं, नि तो धीर पन गेला. म्हटलं, म्हनून फोन नाय."

बाई रडल्या नाहीत. रडायचा हक्क आपल्याला नाही, असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी फक्त खुर्चीची पाठ घट्ट धरून ठेवली.

बोर्डावर एक दिवा लागला आणि फोन वाजायला लागला. कोणाच्या तरी घरचा. दोघींनी त्याच्याकडे पाहिलं. तो चार वेळा वाजला, पाच वेळा वाजला. नेत्राने ओढणीने तोंड पुसलं, पुढे आली आणि त्या खुर्चीवर बसली.

"शिकवा," ती म्हणाली. "घरी पोरगी हाय माझी."

बाईंनी वाकून तिला कुठलं बटण दाबायचं ते दाखवलं.